गोदाच्या परसातलं पाणी

शिमग्याची राख थंड झाली की गोदाचे हात शिवशिवायला लागतात. पाड्यातली बाकीची माणसं तेव्हा कुठं जरा टेकतात. वीटभट्टीवर गेलेले सणाला घरी आलेले असतात, मोहाची फुलं पडत असतात, आसपासच्या एखाद्या गावात बोहाडा चालू असतो. मुखवट्यांची ती सोंगं बघायला जायचं, दुपारी आंब्याखाली आडवं व्हायचं. गोदाला हे सुख मानवत नाही. नव्या सुनेकडे खाष्ट सासू बघते तशी ती आपल्या घराकडे बघत बसते. हे काढायला पाहिजे, ते बदलायला पाहिजे.

पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी हा पाडा. घरं मोजकीच, आणि गोदाचं सगळ्यात वरचं. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर कौलं. त्या घरातली एकूण एक वस्तू तिच्या हाताखालून गेलेली. कूड तिनं विणला, शेणमातीनं तिनं लिंपला, चूल तिनं घातली. दारसुद्धा तिनं आणि ढवळूनं मिळून बसवलं. ढवळू तिचा नवरा. कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूष. गोदा सांगते आणि ढवळू करतो असं पाड्यात हसून म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. मुलगा दिपेश भिवंडीला गोदामात कामाला. त्याची बायको योगिता आणि तिची तान्ही पोर इथं गोदाजवळ.

आता परसाचं सांगतो, कारण सगळं त्या परसातनंच निघालं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांना भोकं पाडून गोदा त्या वेलांच्या मुळाशी उलट्या रोवायची. फुटक्या हंड्यात कोथिंबीर, तेलाच्या कापलेल्या डब्यात मिरची. भांडी घासलेलं पाणीसुद्धा ती वांग्यांना मोजून द्यायची. पण जमीन उतरती. पाणी मुळाशी थांबायच्या आत खाली पोशीच्या अंगणात. पोशी तिची शेजारीण आणि जिवाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या पाड्यात आल्या. पोशीचा नवरा गेला तेव्हा तिच्या दोन पोरींना गोदानंच महिनाभर जेवू घातलं होतं.

"गोदे, तुझ्या वांग्यांचं उष्टं पाणी माझ्या दारात येतं गं," पोशी चिडवायची. "एखादं वांगं पण सोड की त्याच्यासंगं."

हे गोदाच्या मनाला लागलं. नुसती थट्टा, पण लागलं. यंदा शिमगा झाल्या झाल्या तिनं ठरवलं की घरामागचा डोंगर कापायचा, जमीन सपाट करायची आणि चांगले ऐसपैस वाफे घालायचे.

डोंगराच्या त्या कडेला बांबूचं जुनं बेट होतं. ढवळूनं टिकाव खाली ठेवला आणि म्हणाला, "बेट राहू दे."

"का?"

"राहू दे."

झालं. एवढंच. अरे माणसा, कारण सांगायला तोंड उघडलं असतंस तर जीभ झिजली असती का? बिनकारणाचं ऐकणारी गोदा नव्हे. तिनं पदर खोचला आणि पहिला घाव स्वतः घातला. बेट मुळासकट निघालं. बांबूचा छान मांडव झाला, दुधी आणि कारल्याला. घरामागं पुरुषभर उंचीची लालभडक मातीची भिंत उभी राहिली आणि तिच्या पायथ्याशी सपाट वाफे. पाड्यातल्या बाया बघायला आल्या आणि त्यांनी तोंडात बोटं घातली.

चैत्र लागला आणि एका सकाळी गोदाला त्या लाल भिंतीच्या पायथ्याशी माती ओली दिसली. तिला वाटलं, कुत्रं मुतलं असेल. तिनं खुरपीनं उकरलं. खाली चिखल. आणखी उकरलं, तर खळग्यात हळूहळू पाणी साचायला लागलं. गोदानं ओंजळ भरली, वास घेतला, जिभेला लावलं, आणि तिच्या तोंडातून अशी किंकाळी फुटली की योगिता पोर काखेत घेऊन धावत आली. सापच चावला असं तिला वाटलं.

"पाणी, योगे! पाणी लागलं!"

त्या दिवशी पाड्यात नुसता आनंद. आणि दुसरं वाटणार तरी काय? जिथं चैत्र लागला की बाया हंडे घेऊन दरीत उतरतात, विहिरीच्या तळाशी बसून वाटीवाटीनं पाणी गोळा करतात, टँकरचा आवाज आला की ताटावरून उठून धावतात, तिथं घरामागं पाणी फुटलं तर माणूस नारळ फोडेल की विचार करत बसेल? ऐन उन्हाळ्यात, कोरड्या डोंगरातून, कुठून आलं हे पाणी, असं कुणीही विचारलं नाही. मी तिथं असतो तर मीही विचारलं नसतं.

गोदानं खळगा दगडांनी बांधून घेतला. पोकळ बांबूची पन्हळ बसवली. पाणी बारीक धारेनं हंड्यात पडायला लागलं. मग तिनं वरचा एक दगड धुतला, त्याला शेंदूर लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "गावदेवीनं दिलं. माझ्या हातात दिलं, पण पाड्याला दिलं." पोशीनं त्या दगडापुढं डोकं टेकलं. मग सगळ्याच बायांनी टेकलं.

खरं सांगायचं तर गोदा थोडी चढली. का चढू नये? जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरीवर रांगेत उभी राहिलेली बाई, आता रांग तिच्या दारात लागत होती. कुणाचा हंडा आधी, कुणाचा मागनं, हे ती कमरेवर हात ठेवून सांगायची. तिची वांगी तरारली. दुधीचे वेल मांडवभर झाले. पोशीच्या पोरी रोज अंघोळ करायला लागल्या, केस धुवायला लागल्या. पोशी म्हणायची, "गोदे, तुझ्या हातात लक्ष्मी हाय गं."

असं चाललेलं असताना एक दिवस योगिता म्हणाली, "आई, दार खाली घासतंय."

गोदानं दार उतरवलं, रंधा मारला, परत बसवलं. आठवड्यात ते पुन्हा अडलं. तिनं पुन्हा रंधा मारला. योगिता म्हणाली, "पावसाळ्यात फुगतं लाकूड. आता तर उन्हानं आवळायला पायजे ना?"

"तुला काय कळतंय लाकडातलं?" गोदा म्हणाली. पण तिला ते वाक्य रुतलं. माणूस मनातलं कुसळ काढायला जातो तशी ती आणखी कामाला लागली. भिंतीच्या लिंपणाला तिरक्या भेगा पडल्या होत्या. तिनं शेणमाती कालवली आणि भेगा बुजवल्या. मांडवाचा एक खांब कलला. त्यावरून तिनं ढवळूला चांगलं फैलावर घेतलं आणि खांबाला टेकू दिला. एक डागडुजी झाली की दुसरी निघत होती. तिच्या हातांना काम मिळत होतं, आणि काम मिळालं की गोदाचं डोकं बंद पडतं, हा तिचा जन्माचा दोष.

डोकं उघडलं ते भातानं. रोजचं भाताचं भांडं, रोजची चूल. पेज उतू जायची ती दरवेळी एकाच अंगाला, डोंगराच्या उलट्या अंगाला. गोदानं चूल मोडली आणि नवी घातली. पेज पुन्हा त्याच अंगाला. तेव्हा मात्र तिला चुलीचा नाही, जमिनीचा संशय आला. गेल्याच उन्हाळ्यात तिनं ही जमीन केली होती. प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून, चारी कोपरे पाणसळीत घेऊन, इकडं तिकडं सुतभर फरक ठेवला नव्हता. तिनं तीच नळी काढली आणि योगिताला एक टोक धरायला लावलं. नळीतलं पाणी कधी खोटं बोलत नाही. घराचा खालचा कोपरा बोटभर उतरला होता.

"उंदरांनी पोखरलं असेल," योगिता हळूच म्हणाली. तिला स्वतःलाही ते पटलेलं नव्हतं.

गोदा काठी घेऊन डोंगर चढली. करवंदं पिकली होती, एरवी तिनं ओंजळभर तरी तोडली असती. वर, बेट होतं त्याच्याही बरंच वर, जाळीच्या आड तिला भेग दिसली.

आता उन्हाळ्यात भुई भेगाळतेच. शेतातल्या भेगा कुणी बघितल्या नाहीत? पण त्या जाळ्यासारख्या सगळीकडं पसरतात. ही एकच होती, लांबच लांब, विळ्यासारखी वळलेली, दोन्ही टोकं खाली पाड्याकडं गेलेली. मधे गवताची मुळं ताणून तुटायला आली होती. गोदानं काठी आत घातली. काठी गेली. मग तिचा हातही गेला, कोपरापर्यंत, आणि तळ लागला नाही. आत गारवा होता. तिनं हात झटकन बाहेर ओढला.

पायाखालची जमीन सरकली असं आपण उगाच म्हणतो. गोदाच्या पायाखालची खरोखरच सरकत होती. ती तिथंच बसली. खाली त्या विळ्याच्या पोटात तिला कौलं दिसत होती. तिचं घर, पोशीचं घर, त्याखालची आणखी दोन-तीन. तिच्या परसातून बायांचं खिदळणं वर ऐकू येत होतं. कुणीतरी हंडा पालथा पाडला आणि सगळ्या हसल्या. पाणी कुठून येतंय ते गोदाला आता कळलं. डोंगर आतून फाटला होता, आणि ज्या बेटानं त्याला धरून ठेवलं होतं ते तिनंच उपटलं होतं.

तिनं ढवळूला वर नेऊन दाखवलं. ढवळूनं वाकून भेगेत एक खडा सोडला. मग म्हणाला, "पाऊस आत शिरंल."

"मग?"

"मग येईल खाली."



सकाळी गोदानं रांगेतल्या बायांना सांगितलं. हे पाणी चांगलं नाय, डोंगर सुटलाय, पावसाच्या आधी घरं हलवा. आधी सगळ्या हसल्या. गोदा थट्टा करतेय असं वाटलं त्यांना. दोघीतिघींना तिनं हाताला धरून वर नेलं. त्यांनी भेग बघितली. "उन्हाळ्यात पडतेच की," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आणि घर हलवून जायचं कुठं? खालच्या माळावर? तिथनं मग परत दरीत पाण्याला?"

"जीव राहिला तर पाणी आणाल ना!" गोदा ओरडली.

ओरडायला नको होतं. पाड्यात कुजबुज सुरू झाली की गोदाला पाणी एकटीला पाहिजे. परस तिचं, वांगी तिची, रांगेचा आता कंटाळा आलाय. पोशी सरळ तोंडावर बोलणारी. ती हंडा खाली ठेवून म्हणाली, "गोदे, शेंदूर कुणी लावला? मी का? देवीनं दिलं म्हणून तूच सांगितलंस ना? मग आता देवी खोटी का तू खोटी?"

देवी खोटी म्हणायची गोदाची छाती नाही, आणि आपणच खोटं बोललो म्हटलं तर भेगेचंही कोण खरं मानणार? ज्या तोंडानं सगळ्यांना इथं बोलावलं त्याच तोंडानं जा म्हणायचं होतं, आणि त्या तोंडाचं आता कुणी खरं धरत नव्हतं.

तालुक्याच्या कचेरीतही ती जाऊन आली. एक साहेब आला, भेगेचा फोटो काढला, वर कळवतो म्हणाला. जाताना त्यानंही पन्हळीखाली तोंड धुतलं आणि पाणी गार आहे म्हणाला.

मग गोदानं तो झरा बुजवला. पहाटे घमेल्यानं माती ओतली, दगड लावले. उजाडल्यावर बायांनी बघितलं आणि जो काही शिव्यांचा भडिमार केला तो इथं सांगण्यासारखा नाही. त्यांनी हातांनी माती उपसली. पाणी आधीपेक्षा मोठ्या धारेनं आलं, आणि गढूळ आलं. बायांनी त्यात तुरटी फिरवली. "बघ," पोशी म्हणाली, "बुजवलंस तर वाढलं. देवीला राग आला तुझा." गोदाला त्या लाल पाण्याकडं बघवेना. डोंगरातली माती होती ती, आतून धुऊन येत होती.

वैशाख निम्मा सरला. दुपारी जव्हारच्या बाजूला ढग दिसायला लागले होते. घराचं दार आता मिटतच नव्हतं. योगिता तान्हीला घेऊन अंगणात झोपायची, आणि जरा कुठं खडा घरंगळला की दचकून उठायची. एक दिवस ती रडत म्हणाली, "आई, मी पोरीला घेऊन माहेरी वांगणीला जाते. तुमचं चालू दे."

तेव्हा गोदानं मनाशी पक्कं केलं. बोलून कुणी ऐकत नाही ना? मग करून दाखवायचं. जिनं आपल्या हातांनी उभं केलं, ती आपल्या हातांनी घर उतरवते म्हटल्यावर पाड्याचे डोळे उघडतील. गोदा कधी उगाच काही मोडत नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

ती शिडी लावून वर चढली आणि तिनं पहिलं कौल काढलं. ढवळूनं खालून झेललं. कौलं उतरली, वासे उतरले. कुडाच्या भिंती दोघांनी अख्ख्याच्या अख्ख्या सोडवल्या. एवढं लिंपण, एवढा हात फिरवलेला, ते ढेकळांनी गळून पडत होतं आणि गोदाला रडू आवरत नव्हतं. रडत रडतच ती काम करत होती. बाया हंडे घेऊन येत होत्या, पाणी भरत होत्या, बघत होत्या. कुणी काही बोललं नाही. त्या गप्प बसण्यानं गोदाला आशा वाटली. तिला वाटलं, आता कळतंय त्यांना. आता घाबरल्या.

सगळं सामान खालच्या माळावर, भाताच्या खाचराजवळ नेलं. तिथं ढवळूनं झोपडी उभी केली. सपाट, उघडी जागा, डोंगरापासून लांब. पाणी नाही, सावली नाही. योगिताला मात्र त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

मागं राहिलेली दाराची चौकट आणायला गोदा दोन दिवसांनी वर गेली. चढता चढता तिला ठोकण्याचा आवाज आला. तिच्या मनानं उभारी धरली. कुणीतरी घर उतरवतंय! एकीनं तरी ऐकलं! ती धापा टाकत उरलेली चढण धावतच गेली.

आवाज तिच्याच घराच्या जागेवरून येत होता. तिच्या रिकाम्या जोत्यावर चार कोपऱ्यांना नव्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. पोशी पदर खोचून पाचवी ठोकत होती. तिच्या दोन्ही पोरी पन्हळीखाली एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. बाजूला कुडाच्या कारव्या रचून ठेवलेल्या, सुतळीचा गुंडा, घमेल्यात कालवलेली माती.

"आलीस?" पोशी हसली. भांडण विसरलेली होती, पोटात काही न ठेवणारी बाई ती. "मी म्हटलं तुला इचारावं, पण तू खाली. जागा मोकळी झाली ना, मग कशाला पडीक ठेवायची? माझं घर खालच्या अंगाला, पोरींना चढ पडतो. इथं पाणी दाराशी. तुझ्या वेलांना पण मीच घालंन, काळजी नको करू."

गोदानं पोशीचा हात घट्ट धरला, मातीनं भरलेला, आणि तिला हुंदका फुटला. "पोशे, भेग बघितलीस ना तू? मी जागा सोडली ती तुला द्यायला नाय गं. माझ्या हातानं मारलं मी तुला. पोरींसकट गेलीस गं तू माझ्या हातानं..."

"कुठं गेले?" पोशीनं तिच्या पाठीवर थोपटलं. "येडी का तू? ही काय इथंच तर आले, तुझ्या जागेत." मग तिनं सुतळीचं एक टोक गोदाच्या मुठीत दिलं. "रड मागनं. ही दोरी धर आधी, सरळ. पाणसळीतलं तुझ्याएवढं पाड्यात कुणाला जमत नाय."